मागच्या निवडणुकीचा बंदोबस्त

आपल्याकडे विधिमंडळ पक्षाचा नेता निवडायला एक ओळ पुरते. दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदारांना एकत्र बसवलं जातं आणि ‘नेतानिवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. नाव नंतर कळतं. या पद्धतीला नावं ठेवायला सगळ्यांनाच आवडतं, पण तिची एक सोय नाकारता येत नाही: ठरावाला हात वर करणाऱ्या कुणालाही निकालाची जबाबदारी घ्यावी लागत नाही.

ब्रिटनच्या मजूर पक्षाने नेमकी हीच सोय स्वतःला कधी मिळू दिली नाही. नेता कुणी निवडायचा, खासदारांनी, कामगार संघटनांनी की साध्या सदस्यांनी, यावर हा पक्ष जन्मापासून भांडतो आहे. १९८१ ते २०२१ या चाळीस वर्षांत त्याने नेतानिवडीचे नियम चार-पाचदा बदलले. गंमत अशी की प्रत्येक वेळी नियम बदलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मागची निवडणूक होती. ती पुन्हा तशी होऊ नये म्हणून बंदोबस्त केला जायचा आणि पुढच्या निवडणुकीत त्या बंदोबस्ताचा फायदा भलताच कुणीतरी उठवायचा.

भांडणाचं मूळ पक्षाच्या जन्मात आहे. ब्रिटनचे हुजूर आणि उदारमतवादी हे जुने पक्ष संसदेत आधी तयार झाले आणि मतदार वाढले तसे बाहेर पसरले. मजूर पक्षाचं उलटं. २७ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या मेमोरियल हॉलमध्ये कामगार संघटनांचे आणि काही समाजवादी मंडळांचे प्रतिनिधी जमले ते मुळी संसदेत आपली माणसं पाठवायला. आधी संघटना, मग खासदार. त्यामुळे ‘आम्ही पाठवलेल्यांनी आमचं ऐकायचं’ हे संघटनांना सहज वाटायचं, तर ‘आम्हाला लाखो मतदारांनी निवडून दिलंय, तुमच्या समितीने नव्हे’ हे खासदारांना. दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना.

पहिली ऐंशी वर्षं खासदारांचं चाललं. १९०६ साली २९ खासदार निवडून आले आणि त्यांनी कीअर हार्डी यांना एका मताच्या फरकाने गटाचा अध्यक्ष केलं. १९२२ मध्ये रॅम्से मॅक्डोनाल्ड अवघ्या पाच मतांनी नेते झाले. नऊ वर्षांनी, मंदीच्या ऐन कडाक्यात, हेच मॅक्डोनाल्ड विरोधकांना बरोबर घेऊन ‘राष्ट्रीय सरकार’ करून बसले आणि पक्षाने त्यांना हाकलून दिलं. १९३१ चा हा घाव मजूर पक्षाच्या मनातून कधी गेला नाही. नेता सत्तेच्या वर्तुळात शिरला की आपला राहत नाही, हा संशय डाव्यांच्या मनात तेव्हापासून घर करून आहे. त्यानंतर १९३५ मध्ये खासदारांनी क्लेमंट अ‍ॅटली यांना निवडलं, तात्पुरती सोय म्हणून. ते वीस वर्षं टिकले, आणि भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा त्यांच्याच सरकारने केला.

खरी ठिणगी पडली १९७९ च्या पराभवानंतर. मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या होत्या. मजूर पक्षाच्या शाखांमधले कार्यकर्ते म्हणत होते की आपल्याच सरकारने अधिवेशनांचे ठराव केराच्या टोपलीत टाकले, म्हणून ही वेळ आली. नोव्हेंबर १९८० मध्ये खासदारांनी मायकेल फूट यांना डेनिस हीली यांच्याविरुद्ध १३९ विरुद्ध १२९ मतांनी निवडलं. फूट हे पुस्तकांत रमणारे, अण्वस्त्रविरोधी चळवळीतले, कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी तरुणपणापासून जवळीक असलेले डावे पत्रकार. हीली माजी अर्थमंत्री, तिखट जिभेचे, उजवीकडचे. खासदारांनी एकट्याने केलेली ती शेवटची निवड ठरली.

२४ जानेवारी १९८१ रोजी वेम्ब्लीला खास अधिवेशन भरलं ते नवा नियम ठरवायला. तिथे काय झालं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तत्त्वाची लढाई कशी तांत्रिक खिंडीत अडकते हे त्यावरून कळतं.

मतदार मंडळ तीन गटांचं असावं, एवढं ठरलं होतं: खासदार, मतदारसंघांतल्या शाखा आणि कामगार संघटना. वाटा कुणाला किती, हाच प्रश्न. आता अधिवेशनातली मतं म्हणजे सभागृहातली डोकी नव्हेत. एखाद्या मोठ्या संघटनेचे दहा लाख सदस्य पक्षाला संलग्न असतील, तर संघटनेची ती सगळी मतं एका गठ्ठ्याने पडायची. गठ्ठा कुठे टाकायचा हे संघटनेच्या आधीच्या ठरावावर अवलंबून. अभियांत्रिकी कामगारांच्या बलाढ्य संघटनेचा ठराव असा होता की खासदारांना निम्म्याहून जास्त वाटा देणाऱ्या सूचनेलाच पाठिंबा द्यायचा. ती सूचना पडली. मग उरलेल्या सूचनांपैकी खासदारांना त्यातल्या त्यात बरा वाटा देणाऱ्या सूचनेला मत द्यावं की नाही? शब्दाला पक्की असलेली ही उजवी संघटना तटस्थ राहिली. परिणामी दुकान-कामगारांच्या संघटनेची सूचना मंजूर झाली: संघटनांना ४० टक्के, खासदारांना ३०, शाखांना ३०. जे अभियांत्रिकी कामगारांना सर्वांत नको होतं तेच त्यांच्या तटस्थतेने पदरात पडलं.

दुसऱ्याच दिवशी रॉय जेन्किन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स या चार माजी मंत्र्यांनी ओवेन यांच्या लाइमहाउसमधल्या घरातून वेगळ्या वाटेची घोषणा केली. दोन महिन्यांत त्यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. ओवेन यांचं म्हणणं एवढंच होतं की नेता निवडायचाच तर प्रत्येक सदस्याला एक मत द्या. साधा सदस्य मध्यममार्गी असतो, जहाल असतो तो बैठकांना नेमाने येणारा कार्यकर्ता, हे त्यामागचं गृहीतक. वेम्ब्लीत ती सूचना आपटली. डाव्यांना तेव्हा ‘एक सदस्य, एक मत’ नको होतं. घरात टीव्हीसमोर बसून, वर्तमानपत्रांचे मथळे वाचून मत देणाऱ्यापेक्षा सभेत वाद घालून मत ठरवणारा त्यांना अधिक लोकशाहीवादी वाटत होता. कोण कुठल्या बाजूला होतं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

नव्या यंत्राची पहिली चाचणी त्याच वर्षी २७ सप्टेंबरला ब्रायटनमध्ये झाली, तीही उपनेतेपदासाठी. एकीकडे हीली, दुसरीकडे डाव्यांचे उमेदवार, वडिलोपार्जित उमरावपद सोडून देणारे टोनी बेन. सहा महिने देशभर प्रचार चालला. सार्वजनिक सेवा कर्मचाऱ्यांच्या डाव्या संघटनेने आपल्या सदस्यांना विचारलं, आणि त्यांनी हीली म्हटल्यावर निमूट हीलींना मत दिलं. उलट वाहतूक कामगारांच्या संघटनेत सदस्यांचा कौल हीलींकडे झुकलेला असताना शेवटच्या फेरीत गठ्ठा बेन यांच्या पारड्यात पडला. निकाल: हीली ५०.४२६, बेन ४९.५७४. एक टक्काही अंतर नाही. नील किनक यांच्यासारख्या काही डाव्या खासदारांनी दुसऱ्या फेरीत बेन यांना मत न देता तटस्थ राहायचं ठरवलं नसतं, तर ब्रिटनच्या राजकारणाचं पुढचं दशक वेगळं लिहावं लागलं असतं. मतदारांना या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं मिळाली आणि फुटून गेलेल्यांची आघाडी जेमतेम दोन टक्के मागे होती.

फूट यांच्यानंतर नेते झालेल्या किनक यांनी पुढची नऊ वर्षं पक्ष मध्याकडे ओढत नेला आणि तरी १९९२ साली हरले. त्यांच्यानंतरच्या जॉन स्मिथ यांनी १९९३ च्या ब्रायटन अधिवेशनात संघटनांचा गठ्ठा मोडायला काढला. ठराव पडला तर राजीनामा, अशी त्यांची तयारी होती. बाजू सावरायला जॉन प्रेस्कॉट उभे राहिले. प्रवासी जहाजांवर वाढप्याचं काम केलेला हा माणूस, बोलताना वाक्याचा कर्ता एकीकडे आणि क्रियापद भलतीकडे. भाषणाचा व्याकरणाने अर्थ लावणं अशक्य होतं, पण सभागृहाला ते तंतोतंत कळलं. ठराव निसटता मंजूर झाला. त्यातही निर्णायक ठरली एका संघटनेची तटस्थता: गठ्ठा मोडायला तिचा विरोध होता, पण त्याच ठरावात काही मतदारसंघांत केवळ महिला उमेदवार देण्याची तरतूद होती आणि तिला विरोध करणं तिला जमेना. आता तिन्ही गटांना समान वाटा आणि संघटनेतल्या प्रत्येक सदस्याचं मत वेगळं मोजायचं, असं ठरलं. मे १९९४ मध्ये स्मिथ हृदयविकाराने गेले, आणि या नियमाने नेते झाले टोनी ब्लेअर, ५७ टक्क्यांनी.

नवा नेता आणि नवी दिशा या दोन गोष्टी सहसा एकाच दमात बोलल्या जातात. प्रत्यक्षात नेता निवडून येतो आणि दिशेचा झगडा त्यानंतर सुरू होतो. ब्लेअर यांनी तो झगडा सदस्यत्वाच्या कार्डावर छापलेल्या एका परिच्छेदाशी केला. पक्षघटनेचं चौथं कलम सिडनी वेब यांनी १९१७ साली लिहिलेलं. उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची करणं हे त्यातलं ध्येय. १९५९ साली ह्यू गेट्सकेल यांनी ते बदलायचं म्हटलं आणि तोंडघशी पडले. त्या कलमाप्रमाणे कोणतंच मजूर सरकार चाललं नव्हतं, पण ते पुसायलाही कुणी धजत नव्हतं. देव्हाऱ्यातल्या टाकासारखं ते होतं: रोज कुणी पाहत नाही, पण हलवायला गेलं की घर जागं होतं. ब्लेअर यांनी आधी गावोगावी सभा घेतल्या, शाखांना घरोघरच्या सदस्यांचं मत घ्यायला लावलं, आणि २९ एप्रिल १९९५ रोजी वेस्टमिन्स्टरच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये, जिथे १९१८ साली ते कलम स्वीकारलं गेलं होतं त्याच ठिकाणी, खास अधिवेशनात ते बदलून घेतलं. शाखांनी सुमारे ९० टक्के पाठिंबा दिला. संघटनांचा जेमतेम निम्म्याहून थोडा वर गेला. साधा सदस्य मध्यममार्गी असतो हे ओवेन यांचं गृहीतक सिद्ध झालं, असं सगळ्या शहाण्यांना वाटलं. ते तसंच वाटत राहिलं, वीस वर्षं.

२०१० मध्ये नेतेपदासाठी दोन सख्खे भाऊ समोरासमोर आले. डेव्हिड मिलिबँड खासदारांत पुढे, सदस्यांतही पुढे. धाकटे एड संघटनांच्या गटात इतके पुढे की एकूण बेरजेत ५०.६५ टक्क्यांनी जिंकले. विरोधी वर्तमानपत्रांनी ‘संघटनांचा नेता’ हा शिक्का त्यांच्यावर मारला तो पुसला गेला नाही. २०१३ साली स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्क मतदारसंघात उमेदवारी आपल्या माणसाला मिळावी म्हणून एका संघटनेने सदस्यभरती केल्याचा आरोप झाला, तेव्हा एड यांनी शिक्का पुसायची संधी साधली. तीन गटांचं मंडळच रद्द. मार्च २०१४ पासून प्रत्येकाला एक मत, खासदाराचं मतही शाखेतल्या सदस्याइतकंच. शिवाय सदस्य नसलेल्यालाही तीन पौंड भरून ‘नोंदणीकृत समर्थक’ म्हणून मत देता येईल. लंडनमध्ये बसून कॉफी प्यायची तर तेव्हा जवळपास तेवढेच जायचे. पक्षाची उजवी बाजू खूश होती. ओवेन इतके खूश झाले की तेहतीस वर्षांनी त्यांनी मजूर पक्षाला देणगी दिली.

खासदारांच्या हाती एकच गोष्ट उरली: अर्ज भरायला १५ टक्के खासदारांचं अनुमोदन हवं. म्हणजे २०१५ साली ३५ सह्या. एड सार्वत्रिक निवडणूक हरले, पायउतार झाले, आणि नेतेपदाच्या शर्यतीत अँडी बर्नहॅम, यवेट कूपर, लिझ केंडल यांच्याबरोबर जेरेमी कॉर्बिन हे मागच्या बाकावरचे छासष्ट वर्षांचे डावे खासदार उतरले. १५ जून रोजी दुपारी बाराची मुदत होती. सकाळी त्यांच्या सह्या पुऱ्या नव्हत्या. मग काही खासदारांनी ‘चर्चेला सगळ्या बाजू हव्यात’ म्हणून उदारपणे सह्या दिल्या. आपण त्यांना मत देणार नाही हे त्यांनी लपवलंही नाही. शेवटच्या काही मिनिटांत आकडा पार झाला, ३६. सही देणाऱ्यांत माजी परराष्ट्रमंत्री मार्गारेट बेकेट होत्या. पुढच्याच महिन्यात रेडिओवर त्यांनी स्वतःची गणना मूर्खांत करून टाकली.

१२ सप्टेंबरला निकाल लागला. मतदान पसंतीक्रमाचं, आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासारखं. पण दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही. कॉर्बिन यांना पहिल्याच फेरीत ५९.५ टक्के, एकूण ४ लाख २२ हजारांपैकी अडीच लाखांवर मतं. सगळं खापर तीन पौंडांवर फुटलं, आणि त्या समर्थकांतली ८४ टक्के मतं त्यांना मिळालीही होती. पण आकडे नीट पाहिले तर हा युक्तिवाद टिकत नाही. नुसत्या पूर्ण सदस्यांची मतं मोजली तरी चौरंगी लढतीत त्यांना ४९.६ टक्के होती आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार कुठल्या कुठे मागे होता. साधा सदस्य बदलला होता. इराक युद्ध, २००८ ची आर्थिक पडझड, विद्यापीठांची वाढलेली फी, सरकारी खर्चातली कपात यांतून आलेली पिढी पक्षात आली होती, आणि १९८१ मध्ये डाव्यांनी ज्याला नकार दिला तोच नियम तिच्या कामी आला.

मग खासदार आणि सदस्य यांच्यात सरळ सामना झाला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सार्वमतानंतर, जून २०१६ मध्ये, खासदारांनी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला. कॉर्बिन म्हणाले, मला तुम्ही निवडलेलंच नाही. सप्टेंबरात पुन्हा निवडणूक झाली आणि ते आधीपेक्षा जास्त, ६१.८ टक्के, मतांनी आले.

असाच पेच आपल्याकडे १९३९ साली पडला होता, त्याचा शेवट मात्र वेगळा झाला. सुभाषचंद्र बोस गांधीजींच्या मनातल्या पट्टाभि सीतारामय्यांना सुमारे दोनशे मतांनी हरवून काँग्रेसचे दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी निवडलेले. पण कार्यकारिणीतल्या बहुसंख्य ज्येष्ठांनी राजीनामे दिले, त्रिपुरीच्या अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी, आणि एप्रिलअखेर बोस यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्यासमोर पक्षाबाहेर आणि पक्षावर असलेली एक नैतिक सत्ता होती. कॉर्बिन यांच्या विरोधकांकडे तशी कुणी व्यक्ती नव्हती, नुसतं संख्याबळ होतं. सदस्यांनी दिलेला नेता घालवायला संख्याबळ पुरत नाही.

त्यांना अखेर मतदारांनीच घालवलं. त्यातही एक विक्षिप्त हिशेब आहे. २०१७ मध्ये कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाला ४० टक्के, जवळपास १ कोटी २९ लाख मतं पडली, जागा २६२. २०१९ मध्ये १ कोटी ३ लाख, जागा २०२, म्हणजे १९३५ नंतरचा नीचांक. आणि २०२४ मध्ये कीअर स्टार्मर यांनी ४११ जागा जिंकून सरकार आणलं ते ९७ लाख मतांवर. कॉर्बिन हरले तेव्हापेक्षाही कमी मतं. हुजूर पक्षाची मतं फुटली आणि मजूर पक्षाची मतं हवी त्या ठिकाणी पडली. ज्याला जास्त मतं तो पराभूत आणि ज्याला कमी तो पंतप्रधान, यावर दोन्ही बाजूंचे लोक आजही कितीही वेळ वाद घालू शकतात.

स्टार्मर स्वतः एप्रिल २०२० मध्ये याच नियमाने, ५६.२ टक्क्यांनी निवडून आले. प्रचारात त्यांनी दहा वचनं दिली होती. श्रीमंतांवर जास्त कर, विद्यापीठांची फी रद्द, पाणी-वीज-टपाल-रेल्वे समाजाच्या मालकीची, अशी ती सदस्यांच्या मनाला येतील अशी होती. नेतेपद मिळाल्यावर त्यातली बरीच बाजूला पडली. मला याचं नवल वाटत नाही. लाखो सदस्यांपुढे एक परीक्षा आणि कोट्यवधी मतदारांपुढे दुसरी, अभ्यासक्रम निराळे, मधे चार वर्षं. पहिल्या परीक्षेची उत्तरं दुसरीत लिहिणारा नापास होतो, न लिहिणाऱ्यावर दगाबाजीचा आरोप येतो. मात्र ज्यांच्या मतावर निवडून आलो त्यांनाच पुढे अडसर मानायचं, हे मला पटत नाही.

आणि मग पुन्हा बंदोबस्त. २०२१ च्या ब्रायटन अधिवेशनाआधी स्टार्मर यांनी तीन गटांचं जुनं मंडळच परत आणायचा घाट घातला. संघटनांनी दाद दिली नाही, तेव्हा तो सोडला. पण खासदारांच्या अनुमोदनाची अट २० टक्क्यांवर नेली आणि नोंदणीकृत समर्थकांची सोय बंद केली. ‘चर्चेसाठी’ म्हणून सही द्यायची चैन आता परवडणार नव्हती. एका उमेदवाराला एवढ्या सह्या लागणार की पाचाहून जास्त उमेदवार गणितानेच उभे राहू शकत नाहीत, आणि प्रत्यक्षात दोन राहिले तरी पुष्कळ.

सप्टेंबर २०२५ मध्ये अँजेला रेनर यांनी एका घराच्या खरेदीवरचा कर कमी भरल्याच्या प्रकरणात उपनेतेपद सोडलं, तेव्हा हे दिसलं. सहा जणी उतरल्या. ८० सह्या गोळा करता करता चौघी गळाल्या. उरल्या शिक्षणमंत्री ब्रिजेट फिलिपसन, पंतप्रधानांच्या मर्जीतल्या मानल्या गेलेल्या आणि खासदारांच्या सह्यांत बऱ्याच पुढे. आणि ल्यूसी पॉवेल, ज्यांना त्याच महिन्यात मंत्रिमंडळातून काढलं होतं. २५ ऑक्टोबरला निकाल आला. मतदान करण्याचा हक्क असलेल्या दर सहांपैकी एकानेच तो बजावला होता, आणि त्यांनी ५४ टक्क्यांनी पॉवेल यांना निवडलं.